रायफलीचा भरवसा

पुण्यात पाषाणला संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेची एआरडीई ही प्रयोगशाळा आहे. भारतीय लष्कराने दोन दशके ज्या रायफलीवर भिस्त ठेवली त्या ‘इन्सास’चा आराखडा तिथे तयार झाला. पाषाणपासून काही किलोमीटरवर खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून उभा आहे, आणि लष्करी दारूगोळ्याचा दर्जा तपासणारे कार्यालयही खडकीतच आहे. इन्सासला लागणारे ५.५६ मिलिमीटरचे काडतूस जळगाव जिल्ह्यात वरणगावच्या कारखान्यात तयार होते. प्रत्यक्ष रायफल मात्र घडली बंगालमधल्या ईशापूरला, कानपूरला आणि तिरुचिरापल्लीला. इतक्या ठिकाणचे काम शेवटी एका जवानाच्या खांद्याशी येऊन मिळते. त्याने चाप ओढला आणि गोळी सुटली नाही, तर दोष कोणाचा धरायचा, हा वाद कारगिलपासून आपल्याकडे चालू आहे. जगात तो शंभर वर्षांहून जुना आहे. रायफल बनवणारा काडतुसाकडे बोट दाखवतो, काडतूस बनवणारा चेंबरकडे, दोघे मिळून जवानाच्या साफसफाईकडे. आणि जवान म्हणतो की त्याच चिखलात शेजाऱ्याची एके चालली, माझी नाही. या वादात आजवर काय सिद्ध झाले, कोणती बाजू कशावर उभी आहे आणि काय अजून लोंबकळते आहे, ते इथे क्रमाने मांडत आहे.

तक्रारी तीन, शब्द एक

‘ही बंदूक भरवशाची नाही’ असे म्हणताना तीन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. पहिली, शस्त्र मध्येच अडकणे. दुसरी, शस्त्र चालते पण गोळी नेमावर जात नाही. तिसरी सर्वांत भयंकर, चाप न ओढता गोळी सुटणे. तिन्हींची कारणे वेगळी असतात आणि उपायही वेगळे. सरकारी खुलाशांत आणि वृत्तपत्री चर्चेत त्यांची सरमिसळ झाली, की एका तक्रारीचे उत्तर दुसरीला दिले जाते.

अडकण्याचे मूळ समजायला रायफलीच्या पोटात डोकवावे लागते. आपोआप भरणाऱ्या रायफलीत गोळी सुटली की नळीतल्या वायूचा थोडा भाग बाजूच्या छिद्रातून वळवला जातो. तो दट्ट्याला मागे ढकलतो, दट्ट्या बोल्टला मागे नेतो, बोल्टची नखी रिकामी पुंगळी चेंबरमधून ओढून बाहेर फेकते आणि परत येताना बोल्ट मॅगझिनमधले वरचे काडतूस पुढे ढकलून चेंबरमध्ये बसवतो. मिनिटाला सहाशे गोळ्यांच्या वेगाने हे चालते, तेव्हा एका फेरीला सेकंदाचा दहावा भाग मिळतो. वायू कमी पडला तर बोल्ट पुरता मागे जात नाही. वायू जास्त झाला तर मॅगझिनची स्प्रिंग पुढचे काडतूस वर उचलण्याआधीच बोल्ट परततो. पुंगळीचे पितळ नरम असेल किंवा चेंबर गंजलेला असेल, तर पुंगळी चिकटून बसते आणि नखी तिची कड फाडून रिकामीच मागे येते. थोडक्यात, वायूचा दाब काडतुसातून येतो, वेळ मॅगझिनच्या स्प्रिंगवर ठरते आणि घर्षण तेल व धुळीवर. रायफलीच्या कारखान्याच्या हातात या हिशेबाचा एक भागच असतो, हे लक्षात ठेवले तर पुढची प्रकरणे नीट उलगडतात.

आधीची चार प्रकरणे

पहिल्या महायुद्धात कॅनडाचे सैनिक ‘रॉस’ रायफल घेऊन युरोपात उतरले. नेमबाजीच्या मैदानावर ती अप्रतिम होती. १९१५ च्या एप्रिलमध्ये ईप्रच्या दुसऱ्या लढाईत ती अडकू लागली. बोल्ट उघडायला सैनिकांना बुटाच्या लाथा माराव्या लागल्या. सुमारे दीड हजार कॅनेडियन सैनिकांनी रॉस टाकून पडलेल्या ब्रिटिश ली-एनफिल्ड उचलल्या. कारण एकच नव्हते. रॉसचा चेंबर काटेकोर मापाचा होता, ब्रिटिश कारखान्यांतून घाईने आलेली काडतुसे मापात कमीजास्त होती, आणि खंदकातला चिखल दोन्हींच्या मध्ये शिरला. कॅनडाचे मंत्री सॅम ह्यूज या रायफलीची बाजू शेवटपर्यंत लढवत राहिले. अखेर १९१६ मध्ये ती मागे घेतली गेली. काही निवडक नेमबाजांनी मात्र ती पुढेही आपल्याजवळ ठेवली. शांतपणे एकेक गोळी झाडणाऱ्याला तीच रायफल उत्तम ठरली.

व्हिएतनाममधल्या एम-१६ चे प्रकरण या विषयाचे मुख्य पाठ्यपुस्तक मानता येईल. मूळ रायफलीची चाचणी एका प्रकारच्या, बारीक कांड्यांच्या दारूवर झाली होती. पुढे सैन्याने काडतुसात गोळीदार कणांची दारू वापरायला सुरुवात केली. या दारूने बोल्टचा वेग वाढला आणि काजळीही वाढली. चेंबरला क्रोमचा मुलामा द्यायला हवा होता, कारण दमट हवेत न मुलामा दिलेल्या चेंबरचे काय होते ते दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर दिसलेले होते. तो खर्च वाचवला गेला. त्यावर कडी म्हणजे ही रायफल फारशी साफ करावी लागत नाही असा समज पसरला, आणि साफसफाईचे सामान पुरेसे पोहोचलेच नाही. जंगलात मेलेल्या सैनिकांच्या हाती उघडलेल्या, पुंगळी अडकलेल्या रायफली सापडल्या. १९६७ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाने रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली उपसमिती नेमली आणि तिने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अहवाल दिला. दारू बदलण्याच्या निर्णयावर तिने कडक ताशेरे ओढले. नंतर चेंबरला क्रोम आले, बफर बदलला, प्रत्येकाला सफाईचा संच मिळाला आणि विल आयस्नर या चित्रकाराकडून देखभालीची चित्रमय पुस्तिका काढून घेतली गेली. त्याच रायफलीचे वंशज आज साठ वर्षांनंतरही वापरात आहेत. एवढा बदनाम आराखडा इतका टिकतो, याचा अर्थ दोष मुख्यतः आराखड्यात नव्हता, असे मला वाटते.

ब्रिटनच्या एसए-८० चे तसे नाही. १९८५ मध्ये सैन्यात आलेल्या या रायफलीचे दोष तिच्या घडणीतच होते. मॅगझिनची कळ अंगाला घासून दबायची आणि भरलेले मॅगझिन खाली पडायचे. डास पळवणारे औषध लागले की प्लॅस्टिकचे काही भाग खराब व्हायचे. १९९१ च्या आखाती युद्धात वाळूने उरलेली अब्रू घालवली. मंत्रालयाने बरीच वर्षे नाही-नाही म्हटले, आणि मग २००० च्या सुमारास हेक्लर अँड कॉख या जर्मन कंपनीकडून सुमारे दोन लाख रायफली ९.२ कोटी पौंड खर्चून दुरुस्त करून घेतल्या. बोल्ट, नखी, मॅगझिन असे जवळजवळ सगळे चालते भाग बदलले गेले. २००२ मध्ये अफगाणिस्तानातून पुन्हा तक्रारी आल्या, तेव्हा मात्र चौकशीत तेल आणि सफाईच्या सवयी सदोष निघाल्या. एकाच रायफलीच्या बाबतीत, दहा वर्षांच्या अंतराने, दोन्ही पक्ष आळीपाळीने बरोबर ठरले.

चौथे प्रकरण जर्मनीचे. जी-३६ ही रायफल अडकत नव्हती. सलग गोळीबाराने ती तापली की तिचा नेम हलत होता. कंपनीने आधी काडतुसांवर ठपका ठेवला. २०१५ मध्ये संरक्षणमंत्री उर्सुला फॉन डेर लायन यांनी जाहीर केले की आहे त्या रूपात या रायफलीला जर्मन सैन्यात भविष्य नाही. प्रकरण न्यायालयात गेले, आणि २०१६ मध्ये कोब्लेंझच्या न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला. रायफल करारातल्या अटी पूर्ण करत होती. तापल्यावर नेम किती टिकला पाहिजे, हे सैन्याने करारात मागितलेच नव्हते. या निकालाने वादात एक नवा पक्षकार उभा केला: खरेदीची अटपत्रिका लिहिणारा.

इन्सासची कहाणी

१९८० च्या दशकात भारताने जुन्या ७.६२ च्या एसएलआरऐवजी ५.५६ मिलिमीटरचे शस्त्रकुल उभारायचे ठरवले. रायफल, हलकी मशीनगन आणि कार्बाइन अशी तीन भावंडे त्यात अपेक्षित होती. एआरडीईने दट्ट्याची मूळ रचना कलाश्निकोव्हकडून घेतली, वायू कमीजास्त करणारा भाग एसएलआरच्या घराण्यातून घेतला, आणि मॅगझिन पारदर्शक प्लॅस्टिकचे केले, म्हणजे किती गोळ्या उरल्या ते जवानाला दिसावे. काम लांबत गेले. मधल्या काळात, १९९० ते १९९२ दरम्यान, एके जातीच्या एक लाख रायफली परदेशातून आणाव्या लागल्या. त्यामुळे इन्सास जवानांच्या हाती पडली तेव्हा तुलनेला एके आधीच शेजारी उभी होती, आणि ही गोष्ट पुढच्या सगळ्या वादावर सावली धरून राहिली.

१९९८ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात इन्सास देशाला दिसली. पुढच्याच वर्षी ती कारगिलच्या उंचीवर गेली. तिथून आलेल्या तक्रारी ठोस होत्या. थंडीत मॅगझिनला तडे जात होते. तीन गोळ्यांच्या फैरीवर ठेवलेली रायफल सलग सुटत होती. तेलाचे थेंब नेम धरणाऱ्याच्या डोळ्यात उडत होते. या अनुभवानंतर सुधारित आवृत्ती आली, मॅगझिनचे साहित्य आणि इतर भाग बदलले गेले. तरीही ओरड थांबली नाही. नेपाळच्या सैन्याने भारताकडून या रायफली घेतल्या होत्या. २००५ च्या ऑगस्टमध्ये कालिकोट जिल्ह्यात पिली इथे माओवाद्यांच्या हल्ल्यात नेपाळचे ४३ सैनिक मारले गेले आणि नेपाळी सैन्याच्या प्रवक्त्याने जाहीरपणे इन्सासला निकृष्ट म्हटले. लांबलेल्या लढाईत रायफली तापून बंद पडल्या, असा आरोप होता. भारताची बाजू अशी की देखभाल आणि हाताळणी योग्य झाली नव्हती.

२०१४ मध्ये नक्षलग्रस्त भागात लढणाऱ्या केंद्रीय राखीव पोलिस दलाने इन्सास बदलून मागितली; एकेच्या तुलनेत ती जास्त अडकते, हे कारण दिले. २०१५ मध्ये दलातल्या काही इन्सास काढून एके देण्यात आल्या. गडचिरोलीला लागून असलेल्या दंडकारण्याच्या पावसाळी जंगलात जवान या तक्रारी घेऊन फिरत होते.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही तितक्याच गांभीर्याने ऐकायला हवे. इन्सास चारशे मीटरपर्यंत एकेपेक्षा जास्त नेमकी होती, हे तिच्या टीकाकारांनीही मान्य केले आहे. एकेचे भाग मुद्दाम सैल बसवलेले असतात, म्हणून धूळ-चिखल सोसून ती चालते आणि म्हणूनच दूरवर नेम सैल पडतो. घट्ट मापाच्या रायफलीला सफाई जास्त लागते. कारखान्यांचे म्हणणे, आम्ही लष्कराने मागितले ते दिले, तपासणी खात्याचा शिक्का घेऊनच रायफल बाहेर पडली, आणि तक्रार आली की दुरुस्तीही केली. संशोधकांचे म्हणणे, पहिल्या पिढीतले दोष दूर झाल्यावरही नाव खराब झाल्यामुळे रायफलीला पुन्हा न्याय मिळाला नाही.

मला दोन्ही बाजूंत एक मोठी उणीव दिसते. किती गोळ्यांमागे किती वेळा अडकली, कोणत्या वर्षी बनलेली रायफल होती, मॅगझिन जुने की नवे, काडतूस कोणत्या लॉटचे, हा तपशील जाहीर चर्चेत कधी आलाच नाही. प्रसंग सांगितले गेले, खुलासे दिले गेले. वीस वर्षांचा वाद एवढ्या शिदोरीवर चालला.

काडतुसाची बाजू

रायफलीवर जितके छापून येते त्याच्या पावपटही काडतुसावर येत नाही, आणि तिथेच तर बराच खोलवर प्रश्न आहे. काडतूस लॉटने तयार होते. एका लॉटची दारू किंचित जोरकस, दुसऱ्याची मंद असली, तरी मैदानावर एकेक गोळी झाडताना फरक जाणवत नाही. सलग फैरीत मात्र बोल्टची लय बिघडते. काडतुसाच्या बुडाची पेटवणारी टोपी कठीण असेल तर हातोडी पडूनही ती पेटत नाही, आणि जवान म्हणतो रायफल मिसफायर झाली.

२०२० मध्ये लष्कराच्या एका अंतर्गत अहवालाच्या आधारे बातम्या आल्या की २०१४ पासूनच्या सहा वर्षांत सदोष दारूगोळ्यापायी ९६० कोटी रुपयांचे नुकसान झाले. हे सरकारी कारखाने चालवणाऱ्या आयुध निर्माणी मंडळाने तो हिशेब मान्य केला नाही. साठवण, हाताळणी आणि शस्त्राची स्थिती यांचाही अपघातांत वाटा असतो, असा त्यांचा प्रतिवाद होता. इथे सावध राहायला हवे. त्या आकड्यात तोफगोळे, रणगाड्याचा दारूगोळा आणि सुरुंग यांचा मोठा भाग आहे. वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या मध्यवर्ती भांडारात ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर झालेला, अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचाऱ्यांचे प्राण घेणारा स्फोट सुरुंगांशी जोडला गेला. रायफलीच्या काडतुसांचा दोष किती, हे त्यातून वेगळे निघत नाही. मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी बरखास्त होऊन त्याच्या ४१ कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. दारूगोळ्याची कंपनी, म्युनिशन्स इंडिया, पुण्यात बसते आणि शस्त्रांची कानपुरात. रायफल आणि तिचे काडतूस आता दोन वेगळ्या ताळेबंदांत गेले आहेत. याने जबाबदारी स्पष्ट होईल असे सुधारणेचे समर्थक म्हणतात. बोट दाखवायला आणखी एक दिशा मिळाली, अशी शंका कामगार संघटनांपासून निवृत्त अधिकाऱ्यांपर्यंत अनेकांना आहे.

याच्या अगदी उलट चित्र नेमबाजीच्या खेळात दिसते. पन्नास मीटर रायफलीचे नेमबाज आपली नळी घेऊन काडतूस बनवणाऱ्यांच्या चाचणीगृहात जातात, लॉटमागून लॉट झाडून पाहतात आणि ज्या लॉटच्या गोळ्यांचा गट सर्वांत आवळ पडेल तोच विकत घेतात. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवले ते याच प्रकारात. रायफल आणि काडतूस ही जोडी म्हणून तपासायची, हे खेळात गृहीत आहे. लढाऊ शस्त्रांत इतकी चैन परवडत नाही, पण लॉटवार नोंद ठेवायला काही परवडण्याचा प्रश्न येत नाही.

जोडसामान

सर्वांत जास्त बिघाड कुठून सुरू होतात, असे अनुभवी आर्मररला विचारले तर तो आधी मॅगझिन हातात घेतो. त्याचे ओठ किंचित वाकले, स्प्रिंग थकली, आतली पाटी तिरकी झाली, की काडतूस चुकीच्या कोनात वर येते. मॅगझिन ही झिजणारी, टाकून द्यायची वस्तू आहे. आपल्याकडच्या कोतमध्ये, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात, मात्र ते रायफलीइतकेच जपून, वर्षानुवर्षे वापरले जाते. २०१७ मध्ये ईशापूरने बनवलेल्या ७.६२ मिलिमीटरच्या नव्या रायफलीला लष्कराने चाचणीत नाकारले. तेव्हा बाहेर आलेल्या कारणांत अति आवाज आणि झोत होता, अडकण्याचे प्रमाण होते, आणि मॅगझिनची रचना नव्याने करावी लागेल, हाही शेरा होता. कारगिलनंतर अठरा वर्षांनी तक्रार पुन्हा मॅगझिनपाशीच पोहोचली.

दुर्बिणी आणि नेमदर्शकांचे प्रकरण निराळे. अमेरिकी विशेष दले ज्यावर अवलंबून होती त्या ईओटेक नेमदर्शकाचा बिंदू फार थंडीत आणि फार उष्णतेत सरकतो, हे कंपनीला ठाऊक असून तिने सांगितले नाही, असा आरोप झाला. २०१५ मध्ये कंपनीने अमेरिकी सरकारशी २.५६ कोटी डॉलरची तडजोड केली. रायफल निर्दोष, काडतूस निर्दोष, आणि तरी गोळी चुकीच्या जागी. आपल्याकडे नव्या रायफलींवर रात्रदर्शक बसवण्याची खरेदी सुरू झाली आहे, म्हणून हे प्रकरण आपल्यालाही लागू आहे.

चिलखती जाकिटांची आठवण मुंबईकराला वेगळी करून द्यायला नको. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर पोलिसांच्या जाकिटांच्या दर्जाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याच हल्ल्याची तपासणी करणाऱ्या राम प्रधान समितीने गोळ्यांचा तुटवडा आणि त्यापायी थांबलेला गोळीबाराचा सराव यांची नोंद केली. जाकिटांसाठी भारतीय मानक २०१८ मध्ये आले. त्याआधी प्रत्येक खरेदीदार आपापली चाचणी ठरवत होता. रायफलीच्या मॅगझिनसाठी किंवा नेमदर्शकासाठी तसा सर्वांना एकच लागू होईल असा जाहीर दंडक असावा, ही मागणी मला रास्त वाटते.

चाचणीचे आकडे काय सांगतात

२००७ मध्ये अमेरिकी सैन्याने ॲबर्डीन इथे चार कार्बाइनींची धुळीतली चाचणी घेतली. प्रत्येक प्रकारच्या दहा कार्बाइनींतून मिळून ६०,००० गोळ्या झाडल्या. एक्सएम-८ १२७ वेळा अडकली, स्कार २२६ वेळा, एचके-४१६ २३३ वेळा आणि सैन्याची स्वतःची एम-४ ८८२ वेळा. टीकाकारांना हाती कोलीत मिळाले. सैन्याने उत्तर दिले की ८८२ म्हणजे दीड टक्काही नाही. दोघांचे गणित बरोबर आहे. शंभरातल्या दीड गोळ्यांचा अर्थ तीस गोळ्यांच्या दर दुसऱ्या मॅगझिनला एकदा थांबणे असा होतो, आणि समोर शत्रू असताना एकदा थांबणे पुरेसे असते. पण त्याच कार्बाइनीची त्याच वर्षी आधी झालेली अशीच चाचणी ३०७ वर थांबली होती. शिवाय ८८२ पैकी २३९ बिघाड मॅगझिनच्या नावावर होते. एकाच शस्त्राचा आकडा काही महिन्यांत जवळजवळ तिप्पट होत असेल, तर एका चाचणीवरून एखाद्या ब्रँडचा निकाल लावणाऱ्यांनी थांबून विचार करावा.

पुढच्या वर्षी अफगाणिस्तानात वानत इथे नऊ अमेरिकी सैनिक मारले गेले. त्या लढाईत काही कार्बाइनी तापून बंद पडल्या. शस्त्र सदोष होते, असे काहींनी म्हटले. सैन्याचे म्हणणे असे की इतक्या वेगाने, इतका वेळ झाडायला कोणतीच कार्बाइन बनलेली नसते. पिली आणि वानत या दोन ठिकाणांची शस्त्रे वेगळी, देश वेगळे, पण झालेला वाद शब्दशः एकच होता.

चाप न ओढता

तिसऱ्या तक्रारीचा मोठा वाद अमेरिकेच्या नागरी बाजारात आहे. रेमिंग्टन ७०० या शिकारी रायफलीच्या चापाबद्दल अनेक दशके खटले झाले. सुरक्षा-कळ उघडताना गोळी सुटल्याचे आरोप होते, आणि शेवटी लाखो रायफलींचे चाप बदलून देण्याची तडजोड झाली. आता सिग सॉअरचे पी-३२० पिस्तूल चर्चेत आहे. २०१७ मध्ये विशिष्ट कोनात पडल्यावर ते सुटते असे दिसले आणि कंपनीने मोफत सुधारणा देऊ केली. सुधारित पिस्तुलेही कमरेला असताना सुटल्याचे दावे त्यानंतर चालू आहेत. चाप ओढल्याशिवाय ते सुटूच शकत नाही, यावर कंपनी ठाम आहे. २०२५ च्या जुलैमध्ये वायोमिंगच्या हवाई तळावर एका सैनिकाचा मृत्यू झाल्यावर हवाई दलाच्या एका विभागाने हे पिस्तूल काही काळ बाजूला ठेवले. तपासणीनंतर ऑगस्टमध्ये ते पुन्हा वापरात आले, आणि त्या घटनेत खोटी माहिती दिल्यावरून दुसऱ्या सैनिकाला अटकही झाली. काही खटल्यांत निकाल कंपनीविरुद्ध गेले, काही कंपनीच्या बाजूने. तांत्रिक प्रश्न सुटलेला नाही. अमेरिकेत ग्राहकोपयोगी वस्तूंवर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाला बंदुकांना हात लावण्याची मुभा कायद्यानेच नाही, त्यामुळे असे वाद न्यायालयातच लढावे लागतात.

भारतातल्या परवानाधारकासमोर पर्याय थोडेच आहेत. बरीच वर्षे कानपूरचे .३२ रिव्हॉल्व्हर आणि खडकीचे काडतूस हीच त्याची जोडी. १९८० च्या दशकापासून परदेशी शस्त्र आणणे सामान्य माणसाला जवळपास बंद आहे, म्हणून जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरला नव्या देशीपेक्षा कितीतरी जास्त किंमत येते. यात दर्जाचा भाग किती आणि टंचाईचा किती, हे बाजारभावावरून ठरवता येत नाही.

आज कुठे उभे आहोत

इन्सासची जागा आता एका रायफलीने घेतलेली नाही. २०१९ मध्ये अमेरिकी सिग-७१६ च्या ७२,४०० रायफली मागवल्या गेल्या आणि २०२४ मध्ये आणखी ७३,०००. अमेठीजवळच्या कोरव्यात रशियाच्या भागीदारीत सहा लाखांहून अधिक एके-२०३ बनवण्याचा करार २०२१ च्या डिसेंबरमध्ये झाला. एआरडीईने ‘उग्रम’ नावाची ७.६२ ची रायफल २०२४ च्या जानेवारीत पुढे आणली. आणि ५.५६ च्या सुमारे सव्वाचार लाख कार्बाइनींचे काम २०२५ मध्ये पुण्याची भारत फोर्ज आणि पीएलआर सिस्टिम्स यांच्याकडे आले; भारत फोर्जच्या कार्बाइनीचा आराखडा एआरडीईचाच आहे. एकाच सैन्यात तीन मापांची काडतुसे आणि चार-पाच प्रकारची मॅगझिने आली आहेत. सिग-७१६ देशी काडतुसांवर अडकते, अशा बातम्या येऊन गेल्या. विलायती नाव लावलेल्या रायफलीलाही काडतुसाचा प्रश्न चुकलेला नाही.

अटपत्रिकेचा मुद्दाही उघडाच आहे. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये म्हणाले होते की काही अपेक्षापत्रिका मार्व्हलच्या चित्रकथांतून उतरल्यासारख्या वाटतात. त्याच वर्षी नळी बदलून दोन मापांत चालणाऱ्या रायफलीची खरेदी रद्द झाली. कोणतीच कंपनी अटींना उतरली नव्हती. अटी फार थोड्या लिहिल्या तर जर्मनीसारखे होते, फार लिहिल्या तर खरेदीच होत नाही. मधली रेषा कोणी आखायची, लष्कराने, संशोधकांनी की स्वतंत्र चाचणीसंस्थेने, यावर एकमत नाही. रायफलीचे यश नेमक्या कोणत्या हवेत, किती धुळीत, किती गोळ्यांवर मोजायचे, यावरही नाही.

माझे मत एवढेच की रॉसपासून पी-३२० पर्यंतच्या प्रकरणांत ज्यांचा निकाल लागला तो कागदावरच्या नोंदीमुळे लागला. आयकॉर्ड समितीला दारूचा बदल सापडला तो जुन्या चाचण्यांची नोंद होती म्हणून. नव्या कार्बाइनी आता पलटणींकडे जाणार आहेत. वाद सुरू होण्याआधी, आत्ताच, प्रत्येक कोतच्या वहीत रायफलीच्या क्रमांकाशेजारी मॅगझिनचा क्रमांक, काडतुसाचा लॉट आणि प्रत्येक अडकण्याची तारीख लिहिण्याची सक्ती व्हावी, आणि त्या वह्यांची बेरीज दरवर्षी संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीसमोर ठेवली जावी, अशी संरक्षण मंत्रालयाला विनंती आहे.